टाचबाईंनी बसवलेला दगड

आमच्या उद्यान खात्यात माणसाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मी गेली सव्वीस वर्षं 'तक्रार टेबल' आहे. "तक्रार टेबल जेवायला गेलंय," असं शिपाई लोकांना सांगतो आणि लोकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. टेकडीवरच्या पायवाटा सांभाळणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे मुकादमबाई म्हणायचे आणि पाठीमागे टाचबाई. हे पाठीमागचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा माझ्याच तोंडून निसटलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की नाकबाई नाही म्हणत हे काय कमी आहे. त्यांचं नाक खरंच मोठं होतं.

टाचेची गोष्ट अशी, की बाई सरळ चालतच नसत. पायरी आली की उजवी टाच तिच्यावर रोवायची, सगळं वजन टाकायचं आणि अर्धवट गिरकी घ्यायची. दगड गप्प राहिला तर पुढे. जरा जरी हलला तर कमरेच्या पिशवीतला खडू काढून त्यावर फुली मारायची, आणि आठवड्याच्या आत तो दगड उचलला जायचा. खालची माती उकरायची, बारीक खडी ठासायची, दगड पुन्हा बसवायचा. "दगड पोटभर बसला पाहिजे," हे त्यांचं वाक्य टोळीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. अकरा किलोमीटरच्या वाटा, चार फाटकं, हजारभर पायऱ्या आणि पावसाचं पाणी वाटेवरून बाजूला काढणारे चर, एवढा त्यांचा संसार. वाटेला माणसांच्या पायांनी काही होत नाही, वाट खातं ते पाणी, असं त्या सांगत, आणि भर पावसात छत्री न घेता पाणी कुठून वाहतं ते बघत फिरत.

खरा संसार त्यांना फारसा लाभला नाही. एकोणिसाव्या वर्षी रोजावर गवत काढायला आल्या. नवरा दुसऱ्या गावी काम बघायला म्हणून गेला तो गेलाच. मुलीला वाढवलं, शिकवलं, ती लग्न होऊन लांब राहते. दगड बसवायला त्यांना एका म्हाताऱ्या गवंड्यानं शिकवलं, तेही त्याची कंबर गेली म्हणून, हौसेनं नाही. रोपवाटिकेच्या मागं दोन खोल्यांत त्या राहत. एकदा काही कामानं माझ्या घरी आल्या, तर चहा यायच्या आधी जिन्याची तिसरी पायरी हलते हे माझ्या बायकोला सांगून मोकळ्या. पुढचा रविवार माझा त्या पायरीपायी गेला.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींबद्दल काय सांगावं. बाकाला पाठ नाही, बाकाला पाठ आहे पण टोचते, कुत्री येतात, कुत्र्यांना येऊ देत नाहीत, पहाटे पक्षी फार ओरडतात. पक्ष्यांबद्दलचं पत्र दरवर्षी एकाच गृहस्थाचं यायचं आणि दरवर्षी मी त्याला 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर पाठवायचो. पण पायवाटांची फाइल बघावी तर उंदराच्या एका जेवणालाही पुरली नसती. तीस वर्षं ही बाई लोकांना तक्रारीला जागाच ठेवत नव्हती. मला त्यांचा अभिमान होता हे आता लिहितो, तेव्हा कधी बोललो नाही.

टेकडीच्या मध्यावर मात्र चारशे पावलांचा एक तुकडा आमचा नव्हता. त्याच्या खालून मोठी जलवाहिनी जाते, म्हणून तो पाणीखात्याकडे. पाणीखात्यानं नळ सांभाळला, वर चालणाऱ्यांचं सोयरसुतक त्यांना नव्हतं. पायऱ्या कशाही कलंडलेल्या, मुळं वर आलेली. बाई त्या तुकड्यावरून जाताना टाच न लावता, तोंड फिरवून भराभर जात, जसं भांडण झालेल्या शेजाऱ्याच्या दारावरून जावं. दोन्ही खात्यांची पत्रापत्री नऊ वर्षं चालली आणि अखेर गेल्या साली तो तुकडा आमच्याकडे आला. सासू सुनेच्या स्वयंपाकघरात शिरावी तशी बाई त्यात शिरल्या.

तुकड्याच्या शेवटी एक रुंद दगड होता. त्याच्यापुढे वाट डावीकडे वळते, आणि वळला नाहीत तर समोर छातीइतका खोल चर आहे. हा दगड पाय ठेवला की पुढे-मागे डुगडुगायचा. एका निवृत्त शिक्षिकेचा पाय त्याच्यावर मुरगळला होता, तिचं पत्र माझ्याकडे होतं. म्हणून बाईंनी सुरुवात त्याच दगडापासून केली. खाली जाड मूळ निघालं, ते न तोडता जागा करण्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी त्यांनी टाच रोवली, गिरकी घेतली, दगड गप्प. कार्यालयात येऊन मला म्हणाल्या, "लिहा भाऊ, पाणीखात्याचं पहिलं पाप धुतलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस त्या चरात पडला. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. आठ-दहा दिवसांनी त्याच्या बायकोचं दोन पानी पत्र आलं. आता मी माझी सवय सांगतो. तक्रारीचं पत्र मी पहिलं पान वाचतो. सव्वीस वर्षांत दुसऱ्या पानावर मला भावनांशिवाय काही सापडलेलं नव्हतं. पहिल्या पानावर तारीख, जागा, दुखापत, सगळं होतं. मी मुकादमबाईंना विचारलं, त्यांनी जाऊन पुन्हा टाच लावली, दगड जागचा हलला नव्हता. मी उत्तर लिहिलं: 'सदर ठिकाणी पायवाट सुस्थितीत असून कोणताही दोष आढळून आला नाही. दुर्घटना पादचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडली असावी.' त्यातला तो 'असावी' मला फार आवडला होता. साहेबांनीही न वाचता सही केली.

चार दिवसांनी त्या माणसाची बायको स्वतः आली. पन्नाशी उलटलेली, बारीक, गळ्यात शिंप्याची फीत तशीच लटकत राहिलेली. दुपारची वेळ होती, मुकादमबाई माझ्या टेबलापाशी हजेरीचा कागद घेऊन बसल्या होत्या. तिनं माझं उत्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माझं पत्र काढा."

मी फाइल काढली.

"पहिलं पान तुम्ही वाचलंत. आता दुसरं वाचा. मोठ्यानं वाचा."

दुसऱ्या पानाची पहिलीच ओळ होती, 'माझे पती जन्मापासून पूर्ण अंध आहेत.' त्यापुढे लिहिलं होतं की ते टेकडीपलीकडच्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहेत, बावीस वर्षं रोज दोन वेळा याच वाटेनं एकटे जातात-येतात, आणि बावीस वर्षांत त्या वळणावर कधी चुकले नाहीत. तेव्हा त्या ठिकाणी काय बदललं ते कळावं, ही विनंती. मी वाचत होतो आणि माझे कान गरम झाले होते. आजही ती ओळ आठवली की मान खाली जाते.

"निष्काळजी," ती म्हणाली. "डोळस माणसं फोनकडे बघत चालतात. ह्यांना म्हणता निष्काळजी." तिनं फीत गळ्यातून काढून गुंडाळली आणि निघून गेली. हजेरीचा कागद मुकादमबाईंनी अर्धवट टाकला आणि मला म्हणाल्या, पत्ता द्या.

आम्ही दोघं गेलो. मला न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण मला टेबलापाशी बसवेना. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, खाली रंगीत दोऱ्यांचे तुकडे. आत पलंगावर ऑपरेटर टेकून बसले होते, हात झोळीत. सत्तावन्न वर्षांचे, दाढी गुळगुळीत केलेली, सदरा इस्त्रीचा. आम्ही कोण ते सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माफी मागितली, की बायकोनं पत्र लिहिलं, त्यांना लिहायचं नव्हतं. रस्त्याचं काम करणाऱ्यांनी रस्ता दुरुस्त करायचा नाही तर काय करायचं, असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शोधला.

मग बाईंनी विचारलं, नक्की काय झालं.

"तो दगड हलायचा," ते म्हणाले. "पायाखाली डुगडुगला की पुढचं पाऊल डावीकडे. त्या दिवशी मी वाट बघत होतो, कधी डुगडुगतोय म्हणून. तो डुगडुगलाच नाही."

काठी कुठे होती, असं मी विचारलं. ती काखेत होती. शहरातल्या रस्त्यावर ते काठीशिवाय पाऊल टाकत नसत, पण टेकडीच्या फाटकातून आत आले की ती घडी करून काखेत मारायची, हा त्यांचा नेम. दिवसभरात तेवढी चाळीस मिनिटं आपण आंधळे आहोत हे कुणाला कळायचं नाही, असं ते म्हणाले. "मलासुद्धा," असं पुढे हळूच म्हणाले. बायको आत चहा करत होती, भांड्यांचा आवाज एकदम थांबला आणि परत सुरू झाला.

तीस वर्षांत बाईंच्या कामानं कुणाचं हाड मोडलं नव्हतं, आणि आता मोडलं होतं ते काम चोख केल्यामुळे. चुकारपणाची लाज माणूस कशीबशी पचवतो. ही कशी पचवायची हे त्यांना कळेना, आणि मलाही कळत नव्हतं.

हाड दीड-दोन महिन्यांत जुळलं. ऑपरेटर पुन्हा कामावर जाऊ लागले, पण टेकडीवरून नाही. बायको त्यांना बसनं नेई. दोन बस, मधे आठ पदरी रस्ता, त्याच्यावरचा उंच पूल. सकाळी पोचवून घरी यायचं, संध्याकाळी परत आणायला जायचं. तिचे गुडघे शिवणकाम करून आधीच बोलायला लागले होते. त्या दोघांना हात धरून जाताना मी एकदा पाहिलं. ती पुढे, ते अर्धं पाऊल मागे, मान खाली. बावीस वर्षं तो माणूस मान वर करून टेकडी ओलांडत होता. शेवटी त्यांनी इस्पितळाला अर्ज दिला, महिनाअखेर मला मोकळं करा म्हणून. नोकरीची अजून तीन वर्षं बाकी होती. ही बातमी बाईंनी मला सांगितली तेव्हा महिना संपायला तेवीस दिवस होते.

दगड पुन्हा हलता करावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. बाई म्हणाल्या, "आणि शिक्षिकाबाईंचा पाय?" त्या सार्वजनिक वाटेवर मुद्दाम दगड सैल करणं त्यांच्या हातून झालंच नसतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले की कठडा मंजूर करून घेऊ, पुढच्या वर्षी. तोवर बाईंनी वळणावर चराच्या कडेनं दोर बांधला. ऑपरेटरना सांगायला गेल्या तर ते हसले. "म्हणजे छातीला दोर लागला की वळायचं. रोज एकदा अडायचं. मी बैल आहे का हो?" बाई पडलेल्या तोंडानं परत आल्या.

मग एका दुपारी त्यांनी मला टेकडीवर नेलं, स्वतःच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि म्हणाल्या, मी पडायला लागले तरच धरा. अकरा पावलं गेल्या आणि एका पायरीवर बसल्या. मला वाटलं लागलं. त्यांनी रुमाल काढला नाही. तसंच बसून म्हणाल्या, "सगळं एकसारखं आहे भाऊ. इथं बसलेय की तिथं, काही कळत नाही. एकही पायरी वेगळी नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीच केलंय." त्यांच्या पायऱ्या एका मापाच्या असतात म्हणून आम्ही बाहेरच्या शहरांतले पाहुणे आणून दाखवायचो. मी त्यांना उठवायला हात दिला, तो त्यांनी घेतला. एरवी घेत नसत.

उपाय सापडला तो हत्यारांच्या खोलीमागं. टोळीनं फावडी धुवायला दोन दगडांवर एक लादी आडवी टाकली होती. बाई तिच्यावरून गेल्या तेव्हा खालून 'धब्' असा आवाज आला. त्या थांबल्या. पुन्हा गेल्या. टाच रोवली, गिरकी घेतली. लादी तसूभर हलली नाही, पण खालच्या पोकळीतून बोलली. टोळीतला एकजण नंतर मला सांगत होता की बाई तासभर त्या लादीवरून ये-जा करत होत्या, उन्हानं डोकं फिरलं असं आम्हाला वाटलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण ज्यांनी आयुष्यभर दगड पोटभर बसवला त्यांनी आता दगडाखाली मुद्दाम पोट रिकामं ठेवायचं होतं. वळणावरचा दगड काढून त्याच्या जागी टाकलेली पहिली लादी तिसऱ्या दिवशी तडकली, पातळ होती. दुसरी जाड घेतली, तर एका पावसात खाली माती शिरली आणि ती मुकी झाली. त्या दिवशी बाई टोळीवर विनाकारण खेकसल्या आणि संध्याकाळी प्रत्येकाची समजूत काढत बसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी पोकळीला चारी बाजूंनी दगड बांधले, पाणी जायला चराकडे बोटभर वाट ठेवली आणि वर चार माणसांनी उचलावी अशी शिळा ठेवली. तिच्यावर एकामागून एक टोळीतल्या सगळ्यांना नाचवलं. मलाही नाचवलं. ढिम्म हलली नाही, आवाज मात्र खणखणीत. महिना संपायला सहा दिवस उरले होते. मी दुरुस्तीच्या नोंदीत लिहिलं, 'पोकळी हेतुपुरस्सर ठेवलेली आहे, कुणीही भरू नये,' आणि या वेळी साहेबांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मगच सही घेतली.

बाईंच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर आले. बायकोनं फाटकापर्यंत आणलं आणि ती तिथंच बाकावर बसली. पुढे येणार नाही, मला बघवणार नाही, असं म्हणाली. ऑपरेटर पुढे, दोन पावलं मागे मुकादमबाई, त्यांच्यामागे मी. काठी त्यांच्या हातात होती. काखेत जाईना, त्यावरून त्यांच्या मनाची कल्पना आली.

पहिल्या फाटकातून आत गेल्यावर ते सहज बोलावं तसं म्हणाले, "हे फाटक करकरायचं."

बाई म्हणाल्या, हो, बारा-तेरा वर्षं झाली, त्यांनीच बिजागऱ्या बदलल्या.

"त्याच्यावरून मला कळायचं की वाट कुठे सुरू होते. वाऱ्यानंही करकरायचं. तुम्ही ते बंद केलंत त्या आठवड्यात मी दोनदा बाहेरच्या रस्त्यानंच सरळ गेलो. एकदा गाडीवाल्यानं ओरडून थांबवलं."

बाईंची चाल मंदावली. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, इथं नळ गळायचा. टप टप आली की पायऱ्या सुरू. नळ दुरुस्त झाला तेव्हा पहिल्या पायरीला ठेचकाळून दात तुटला. त्यांनी ओठ वर करून दाखवला, हसत. पुढे एका झाडाची फांदी खांद्याला घासायची, ती छाटली गेली. एक जाळी पायाखाली खडखडायची, ती पक्की बसवली गेली. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस चुकायचं, पडायचं, आणि मग नवीन खूण शोधून पाठ करायची. ते हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हते. आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. म्हणाले, "काम करणारा हात एकच आहे हे मला कळायचं. एकदा नीट झालेली गोष्ट पुन्हा बिघडायची नाही. मी घरी म्हणायचो, कोण आहे हा माणूस, याला झोप येते की नाही. बाई असेल असं वाटलं नव्हतं."

मी बाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

पाणीखात्याचा तुकडा आला तसे ते किंचित थांबले. "इथं मात्र मी निर्धास्त चालायचो," ते म्हणाले. "इथं तुम्ही नव्हतात."

सव्वीस वर्षांत बाईंना कुणी उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि हे तर कुणी उलट बोलतही नव्हतं. त्या उभ्या राहिल्या. मग पुन्हा चालू लागल्या, कारण पुढे दगड होता आणि ऑपरेटर त्याच्या दिशेनं निघाले होते. त्यांचा वेग वाढला होता. शेवटच्या तीस-चाळीस पावलांत त्यांनी काठीची घडी केली आणि काखेत मारली. बाईंनी दोन्ही हात पुढे केले, त्यांच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावर, न लावता.

त्यांचा पाय शिळेवर पडला आणि खालून 'धब्' आवाज आला. ते जागच्या जागी थांबले. एक पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा 'धब्'. मग डावीकडे वळले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

"हलत नाही," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "बोलतो फक्त."

त्यांनी मान हलवली. मागे येऊन शिळेवरून पुन्हा गेले, वळले. तिसऱ्यांदा गेले ते नेहमीच्या चालीनं, आणि या वेळी मला खरंच वाटलं की कुणी लांबून पाहिलं तर हा माणूस आंधळा आहे हे त्याला कळणार नाही. आता इथून मी एकटा जातो, असं ते म्हणाले. अर्ज परत घ्यायचाय, तर साडेनऊच्या आत पोचलेलं बरं. बाई दोन पावलं त्यांच्यामागे गेल्या.

"ते बाकीचं मी परत करून देते. फाटक, नळ, ती जाळी. सांगाल तसं."

"नको मुकादमबाई," ते घाईनं म्हणाले. "ते नाही, हेच आता मला पाठ झालंय. परत आणलंत तर परत पडेन."

एवढं बोलून ते उतरणीला लागले. त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत होता, एका लयीत. आवाज थांबल्यावरही बाई उभ्याच होत्या. मग चराच्या कडेला बसल्या आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा सोडून गेला तेव्हाही त्या तिसऱ्या दिवशी कामावर होत्या असं जुने लोक सांगतात. मी त्यांच्या शेजारी बसलो. फाटकापाशी ऑपरेटरची बायको वाट बघत असेल, तिला जाऊन सांगायला हवं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि तरी आम्ही उठलो नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. टेकडीवरून शहराची सगळी बाजू दिसत होती, खाली बागा, बागांतून जाणाऱ्या वाटा, त्यांच्यावरून चालणारी माणसं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ऑपरेटर आज बोलले म्हणून कळलं. तीस वर्षांत माझ्यामुळं आणखी किती जण पडले असतील?"

मी तक्रार टेबल. माझ्याकडे सव्वीस वर्षांच्या फायली आहेत, त्यातल्या बहुतेकांचं पहिलं पान मी वाचलेलं आहे. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही.